खंडेनवमीची फुलं आणि मुलुंडची बाटली

माझी आई शेवटपर्यंत लोकांना सांगायची, "आमची प्रभा सरकारी बाटल्यो धुता." चाळीत कुणी खोदून विचारलं, कसल्या बाटल्या, तर ती गप्प व्हायची, कारण शंका तिलाच होती. बाटली म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे एकच प्रकार यायचा. मी मात्र बी.एस्सी. झालेली. ओळखपत्रावर 'तांत्रिक सहायक' छापलेलं. ते ओळखपत्र मी पर्समध्ये अशा जागी ठेवायचे, की सुट्टे काढताना बसच्या कंडक्टरला ते दिसावंच. आता निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. आईचंच बरोबर होतं. अर्धी नोकरी मी बाटल्याच धुतल्या.

पण कशा धुतल्या ते ऐका. साबणाने एकदा, नळाच्या पाण्याने सात वेळा, ऊर्ध्वपातित पाण्याने चार वेळा. साबणाचा एवढासा अंश राहिला तरी आतला जीव मरणार. माणसाच्या शरीरातल्या पेशी शरीराबाहेर, चपट्या काचेच्या बाटलीत जगवायच्या हा आमचा धंदा होता. पेशी बाटलीच्या तळाला चिकटून वाढतात. त्यांच्यावर गुलाबी पाणी असतं, तेच त्यांचं जेवण. जेवून झालं की ते पिवळं पडतं, मग दर तिसऱ्या दिवशी नवीन घालायचं. बाटली दाटीवाटीने भरली की निम्म्या पेशी काढून दुसऱ्या बाटलीत टाकायच्या आणि वहीत एक आकडा पुढे सरकवायचा. त्या आकड्याला पॅसेज म्हणतात. बाटल्या अंगाइतक्या उबेच्या कपाटात ठेवायच्या. त्याला इन्क्युबेटर म्हणायचं. थोडक्यात काय, विरजण लावायचं आणि ते मोडू द्यायचं नाही. चार बुकं शिकून मी तेच केलं जे माझी आई न शिकता करत होती, आणि तिचं दही माझ्यापेक्षा कमी वेळा बिघडायचं.

आमची संस्था मानखुर्दच्या पुढे, ट्रॉम्बेकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझे वडील घाटकोपरच्या घरात बसून पेपर वाचायचे आणि माझ्या पगारावर टीका करायचे. त्याच सुमारास वरून एक शब्द आला. 'प्रादेशिक सहकार्य'. उपनगरांतल्या चार प्रयोगशाळांनी जीवशास्त्राचं संशोधन मिळून करायचं. आम्ही, घाटकोपरचं एक कॉलेज, अंधेरीचं एक रुग्णालय आणि मुलुंडच्या एका औषध कंपनीची प्रयोगशाळा. एकाकडे रुग्ण, एकाकडे यंत्रं, एकाकडे विद्यार्थी, एकाकडे पैसा, आणि संशय सगळ्यांकडे.

दर तीन महिन्यांनी समितीची बैठक व्हायची. इतिवृत्त लिहायला मी. बटाटेवडे आणायलाही मीच. दोन वर्षांत समितीने काय ठरवलं? पत्राच्या डोक्यावर चार संस्थांची नावं कुठल्या क्रमाने छापायची, ते. तेही ठरलं नाही, पुढच्या बैठकीवर ढकललं. आमचे प्रमुख डॉ. अभ्यंकर पुण्याचे, शब्द मोजून बोलणारे. "सहकार्य अवश्य करावं," ते म्हणायचे, "परंतु आपला पेपर छापून येईपर्यंत आपली एकही पेशी या इमारतीबाहेर जाणार नाही." मी हे वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. का सांगते, ते पुढे कळेल.

खरं सहकार्य चालायचं ते आम्हा धुणाऱ्या-पुसणाऱ्यांत. आमचं पाणी गाळायचं यंत्र बंद पडलं की कॉलेजची बाई मला दोन कॅन भरून द्यायची. अंधेरीवाल्यांच्या पिपेट फुटल्या की आमच्या जायच्या. ना पत्र, ना समिती. शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तसं.

या साखळीतला माझा खास माणूस म्हणजे मुलुंडचा पाटकर. वेंगुर्ल्याकडचा, माझ्याच वयाचा, माझ्याचसारखा हात चालवणारा आणि माझ्यापेक्षा जास्त तोंड चालवणारा. त्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय गो, मेल्यो की जगल्यो?" म्हणजे पेशी. आमच्या टेलिफोन ऑपरेटरला बरेच दिवस वाटत होतं की माझ्या घरात सतत कुणीतरी आजारी आहे.

आता मीनाक्षीबद्दल. मीनाक्षी कांबळे आमच्याकडे पीएच.डी. करत होती. गोवंडीला राहायची, बोलायला मऊ, हाताने अशी स्थिर की पिपेट धरली तर थेंबही घाबरून खाली पडायचा नाही. मिशेरी लावणाऱ्या एका बाईच्या गालातल्या गाठीचा तुकडा रुग्णालयातून आला होता. त्यातल्या पेशी हिने जगवल्या. असे तुकडे आमच्याकडे शंभर यायचे आणि आठवड्यात मरायचे. हा एकच जगला, वाढला, दोन वर्षं वाढत राहिला. ती बाई बिचारी तोवर गेलीसुद्धा. पेशी गोल, गुबगुबीत, म्हणून मी त्यांचं नाव ठेवलं ठमी. वहीत काहीतरी आकडे-अक्षरं होती, पण बोलताना सगळे ठमीच म्हणायचे. अभ्यंकर सरसुद्धा एकदा म्हणाले आणि मग खोकले.

ठमीचं एक वाईट होतं. बाकीच्या पेशी आम्ही गोठवून ठेवायचो, हवं तेव्हा जाग्या करायचो. ठमी गोठवली की परत उठायचीच नाही. दोनदा करून पाहिलं. म्हणजे कपाटातल्या सहा बाटल्या, एवढंच तिचं अस्तित्व. आणि त्या सहा बाटल्यांवर मीनाक्षीचं सगळं उभं होतं. मार्चमध्ये तिची शिष्यवृत्ती संपणार होती. ठमी गेली तर तीन वर्षं पाण्यात, पदवी नाही. घरात तिच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे ती कधी बोलली नाही, मला माहीत होतं.

आणि तरीही, त्या पावसाळ्यात मी ठमी विकली. दोन डझन रबरी बुचांना.

झालं असं, आमच्याकडे बुचांचा जो नवा माल आला त्याला टायरसारखा वास. ती लावली की पेशी मान टाकायच्या. पाटकरकडे झकास बुचं होती. तो म्हणाला, "बुचां देतंय, पण ठमीची एक बाटली माका दी. बघूया तरी, एवढा काय तां." मी सरांचं वाक्य आठवलं, स्वतः लिहिलेलं. मग बुचं आठवली. मीनाक्षीला विचारावं असं डोक्यातही आलं नाही. जणू ठमी माझीच, कारण बाटली मी धुतली होती ना!

एका बाटलीतल्या निम्म्या पेशी काढून मी सातवी बाटली केली. ती न्यायची कशी? उबेत राहायला हवी, हलायला नको. मी ती काठोकाठ भरली, घट्ट बूच मारलं, रुमालात गुंडाळली आणि साडीखाली पोटाशी बांधली. बसमध्ये एक गुजराती बाई माझ्याकडे बघून उठली. "बसो बेन, कितवा महिना?" मी चौतीस वर्षांची, बिनलग्नाची. काय सांगू? म्हटलं, "पाचवा." मुलुंडपर्यंत पोटावर हात ठेवून बसले आणि शेजारच्या दोघीजणींचे सल्ले ऐकले. काय खावं, काय उचलू नये. परत येताना हातातली पिशवी बुचांनी भरलेली आणि पोट सपाट. तीच बाई भेटली नाही हे माझं नशीब.

आता खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. वर्कशॉपचे लोक लेथला, पंपांना हार घालायचे, नारळ फुटायचा, पेढे. त्या वर्षी पूजेची प्रमुख मी. आणि वर्कशॉपच्या एकाने चिडवलं, "प्रभाताई, तुमच्या पेशींच्या खोलीला देव नाय वाटतं?" लागलं ना मला! म्हटलं, थांबा, दाखवतेच. पाच किलो झेंडू आणला. पेशींच्या खोलीच्या दाराला तोरण, इन्क्युबेटरला हार, जिथे आम्ही निर्जंतुक हवेत काम करायचो त्या काचेच्या कपाटाला हार, धूप, अगरबत्ती. जिथे बारा महिने मी लोकांना चपला काढून, तोंडाला फडकं बांधून आत घ्यायचे, तिथे मी स्वतः धूप फिरवला. अभ्यंकर सरांनी इन्क्युबेटरसमोर नारळ फोडला. त्याचा फोटो आहे. ते मागितला तरी देणार नाहीत.

आणि मग, बाईंची हौस भागली नव्हती, मी इन्क्युबेटर उघडून ठमीच्या बाटल्यांपुढे एक टपोरं फूल आत ठेवलं. "आत नको का देव?" असं वर म्हणाले.

मीनाक्षी दारात उभी होती. दुपारच्या गाडीने ती घरच्यांबरोबर नागपूरला, दीक्षाभूमीवर निघाली होती. खांद्याला पिशवी. ती हळूच म्हणाली, "ताई, झेंडू आत नको ना."

मी हळदी-कुंकवाचं बोट तसंच धरून तिच्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, तुमच्यात नसतं हे. तुला नाही कळायचं."

एवढंच. कुणी हसलंसुद्धा नाही, इतकं ते सगळ्यांना साधं वाटलं. मलाही. तिने पिशवी सावरली, म्हणाली, "दोन दिवस ठमीकडे बघा हं ताई," आणि गेली.

शनिवारी दसरा, सुट्टी. रविवार. मी घरी श्रीखंड खाल्लं. सोमवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला तर आधी वास आला, ओल्या पिशवीसारखा. फूल काळं पडलेलं. आणि बाटल्यांत, गुलाबी पाण्यात, पांढरे कापसाचे गोळे तरंगत होते. एक, दोन, तीन, मी सहाही बाटल्या उजेडात धरून बघितल्या. सहाही.

ती बुरशी होती. झेंडूच्या पाकळ्यांत बुरशीचे कण असतात, कुठल्याही फुलात असतात. आणि ऊब, ओल, गोड जेवण, बुरशीला आणखी काय हवं? पेशींना हवा लागते म्हणून बाटल्यांची बुचं आम्ही सैल ठेवायचो. पहिलीतल्या पोराला कळेल असं हे. मी बुरशीवर नव्या मुलींना व्याख्यान द्यायचे हो! वाट लागली होती आणि लावणारी मी होते.

बुरशी लागलेली बाटली ठेवता येत नाही, बाकीच्यांत पसरते. उकळत्या वाफेच्या पिंपात घालून मारावी लागते. ते कामही माझंच. सहा बाटल्या पिंपात ठेवताना मी रडले. घरी आई गेली तेव्हासुद्धा मी एवढी नाही रडले, तेव्हा करायला कामं होती.

झाकण लावलं आणि मग पाटकर आठवला.

फोन लावला. मुलुंडची लाइन डेड. पुन्हा लावला, डेड. अणू फोडायच्या गोष्टी चालायच्या तिथून आम्ही पावलावर, पण मुलुंडला फोन लागत नसे. सरळ पर्स उचलली. दोन बस बदलून जायला जवळजवळ दीड तास. वाटेत सगळा वेळ हिशेब. बाटली दिली त्याला दोन महिने झाले. पाटकरच्या साहेबाने परवानगीशिवायची पेशी बघितली असेल तर फेकायला लावली असेल. आणि पाटकर दसऱ्याला गावी जातो. दर तिसऱ्या दिवशी जेवण कोण देणार? उपाशीच मेली असेल. पाटकरच्या खात्यात मी चपला न काढताच शिरले.

तो माझ्याकडे बघून घाबरला. "काय गो, कोण मेला?"

"ठमी," मी म्हटलं. "सगळी. तुझ्याकडे..."

त्याने मला आत नेलं, इन्क्युबेटर उघडला आणि अगदी मागे, एका डब्याआड लपवलेल्या तीन बाटल्या बाहेर काढल्या. स्वच्छ गुलाबी. चिठ्ठीवर माझं आडनाव, 'सावंतबाई. हात लावू नये.' एकाच्या तीन केल्या होत्या त्याने.

"जिती आसा गो तुझी पोर," तो म्हणाला. "माझ्या सायबान दोनदा फेक म्हणून सांगितल्यान. मी म्हटलंय, फेकलंय. रडतंस कित्याक आता? ह्या पोरीपायी मी दसऱ्याक गावाक जाऊक नाय."

गावाला न गेलेला मालवणी माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. दोन बाटल्या घेतल्या, एक त्याच्याकडेच राहू दिली. एवढी अक्कल मला तोवर आली होती. परत येताना पोट दुप्पट दिसत होतं. कुणी कितवा महिना विचारलं नाही, बहुतेक माझं तोंड बघून.

आता मी चांगली बाई आहे असं कुणाला वाटायला लागलं असेल तर थांबा. बसमध्येच मी गोष्ट रचली होती. दोन बाटल्यांवर आमच्या चिठ्ठ्या लावायच्या, आणि मीनाक्षीला सांगायचं की चार गेल्या, दोन वाचल्या. पूजेचं नाव नाही, मुलुंडचं नाव नाही. सगळे सुखी.

मंगळवारी मीनाक्षी आली. मी गोष्ट सांगितली. चांगली सांगितली. ती पांढरी पडली, मग बाटल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बराच वेळ बघत राहिली. मान वर न करता तिने विचारलं, "ताई, पॅसेज किती?"

बाटली दिल्यापासून आमच्या ठमीचा आकडा वेगळा चालला होता, पाटकरच्या ठमीचा वेगळा. दोन महिन्यांत त्याने किती वेळा बाटली दोन केली, तिच्या जेवणात कुठलं सीरम मिसळलं, मला काही माहीत नव्हतं. एक आकडा ठोकून दिला असता तर तो तिच्या वहीत गेला असता, वहीतून प्रबंधात. आयुष्यभर तो खोटा आकडा तिच्या नावावर राहिला असता. साबणाचा अंश राहू नये म्हणून अकरा वेळा बाटली धुणारी मी.

सगळं सांगितलं. बुचं, पोटाशी बांधलेली बाटली, फूल, मुलुंड. एक वाक्य सोडून सगळं. ते वाक्य तिला माहीतच होतं.

तिने वहीत लिहिलं, 'मुलुंडहून आणलेल्या बाटल्या. पॅसेज पाटकर यांच्याकडून घेणे.' मग म्हणाली, "सरांना पण सांगावं लागेल ताई. मी येते बरोबर." तिची काही चूक नसताना ती माझ्याबरोबर उभी राहिली.

अभ्यंकर सर शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सावंतबाई, आपण या संस्थेची मालमत्ता बुचांच्या मोबदल्यात दिलीत?" मी म्हटलं, "हो सर." "किती?" "दोन डझन." मला मेमो मिळाला. त्याच आठवड्यात समितीचा अहवाल गेला. त्यात लिहिलं होतं की प्रादेशिक सहकार्याच्या धोरणानुसार ठमीची, म्हणजे त्या आकड्या-अक्षरांची, एक प्रत मुलुंड येथे दूरदृष्टीने सुरक्षित ठेवण्यात आली होती. मेमो आणि अहवाल एकाच टायपिस्टने एकाच दुपारी टाइप केले. तो मला म्हणाला, "ताई, तुम्ही एका कागदावर चोर आणि दुसऱ्यावर दूरदृष्टी. पार्टी कधी?"

मीनाक्षीची पदवी मार्चऐवजी जुलैत झाली. शिष्यवृत्ती संपल्यावरचे चार महिने तिने सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेतल्या. ते चार महिने माझ्या नावावर आहेत.

पुढच्या खंडेनवमीला मी पूजेचं नाव काढलं नाही. मोकळ्या हातांनी कामावर गेले आणि बाटल्या धुवायला बसले. थोड्या वेळाने मीनाक्षी आली. तोवर ती आमच्याकडेच नोकरीला लागली होती. हातात झेंडूचा हार. तिने तो माझ्या धुण्याच्या नळाला घातला, पेशींच्या खोलीपासून दोन दारं लांब, आणि म्हणाली, "इथे चालतं ताई. करा पूजा."

वर्षभर न बोललेलं तेव्हा बाहेर आलं. म्हटलं, "मीना, त्या दिवशी मी तुला बोलले, तुमच्यात नसतं म्हणून. चुकलं गं माझं. फार चुकलं."

ती हार सारखा करत राहिली. रागावलेली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं.

"आमच्या घरी रोज फुलं असतात ताई," ती म्हणाली. "बुद्धांच्या तसबिरीपुढे. आई सकाळी बाजारातून आणते. झेंडूच असतो बहुतेक." मग नळ थोडा सोडून हात धुतले. "तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही कधी आलाच नाहीत ना घरी."

मी पोटाशी बाटली बांधून मुलुंडला गेले होते. कॅन घेऊन घाटकोपरच्या कॉलेजात, पिपेट घेऊन अंधेरीला. माझी घरी जायची बस रोज गोवंडीवरून जायची. चार वर्षं मी त्या स्टॉपवरून खिडकीतून बघत पुढे गेले होते. लाज वाटली, आजही वाटते.

त्या संध्याकाळी मी गोवंडीला उतरले. पत्ता विचारत विचारत गेले. दार उघडं होतं. बाहेरूनच तसबीर दिसली, आणि तिच्यापुढे सकाळचा, थोडा कोमेजलेला झेंडू. मीनाक्षीची आई पदराला हात पुसत बाहेर आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "प्रभाताई ना? या, आत या. मीनानं सांगितलेलं, तुम्ही कधीतरी याल म्हणून."